गवंड्याचा गुण्या आणि बहुकोनांचीं नांवें

वृत्तपत्र उघडलें कीं अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा उल्लेख ‘पेंटॅगॉन’ ह्या एका शब्दानें केलेला आढळतो. पेंटॅगॉन हें मूळ खात्याचें नांव नव्हे. तें एका इमारतीचें नांव आहे, आणि इमारतीलाहि तें तिच्या आकारावरून पडलेलें आहे. वॉशिंग्टन शहराजवळ १९४३ सालीं पुरी झालेली ही इमारत पांच बाजूंची असून तिच्या आंत एकांत एक अशीं पांच कडीं आहेत. सुशिक्षित घरांत हा शब्द आतां इतका रुळला आहे कीं, त्याचा अर्थ काय, असें कोणी विचारीत नाहीं. त्याच घरांतील मुलगा शाळेंतून येतो आणि पेंटॅगॉन, हेक्सॅगॉन, हेप्टॅगॉन, ऑक्टॅगॉन अशी माळ घोकूं लागतो. शेजारीं बसलेल्या आजीला ही माळ परकी वाटते. आमच्या वेळीं सरळ पंचकोन, षट्कोन म्हणत, असें ती म्हणते, आणि तिचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु ह्यांतलें परकें कोणतें व आपलें कोणतें, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाहीं. त्याचा माग काढीत गेल्यास वाट ग्रीस, उज्जयिनी आणि इराण अशी हिंडून अखेर कोंकणांतल्या एखाद्या घराच्या पायापाशीं येऊन थांबते.

प्रथम ग्रीकांचें पाहावें. ग्रीक भाषेंत ‘गोनिया’ म्हणजे कोपरा, कोन. ‘पेंटे’ म्हणजे पांच. म्हणून पांच कोपऱ्यांची आकृति तें ‘पेंटागोनॉन’. ‘हेक्स’ सहा, ‘हेप्टा’ सात, ‘ऑक्टो’ आठ, ‘एन्नेआ’ नऊ, ‘डेका’ दहा, ‘डोडेका’ बारा; आणि ‘पोलु’ म्हणजे पुष्कळ, त्यावरून अनेक कोपऱ्यांची ती पॉलिगॉन. हे शब्द पंडितांनीं शास्त्रासाठीं मुद्दाम घडविलेले अवघड शब्द होते असें आज वाटतें. पण अथेन्सच्या बाजारांत मासे विकणाऱ्या बाईलाहि ते सहज समजण्यासारखे होते, कारण मासे मोजतांना तीहि पेंटे, हेक्स, हेप्टा असेंच मोजीत असे. शास्त्राची परिभाषा आणि बाजाराची भाषा ह्यांत तेथें भिंत नव्हती. भिंत उभी राहिली ती हे शब्द दुसऱ्यांच्या देशांत गेल्यावर.

हे आंकडे जरा कान देऊन ऐकले तर मराठी माणसालाहि ओळखीचे वाटतात. डेका आणि दश, ऑक्टो आणि अष्ट, पेंटे आणि पंच, एन्नेआ आणि नव हे शब्द एकमेकांची सही सही नक्कल नव्हेत, पण चेहरेपट्टी एकाच घराण्याची आहे. ग्रीक शब्दाच्या आरंभीं जेथें ‘ह’ येतो तेथें संस्कृतांत पुष्कळदां ‘स’ किंवा ‘ष’ असतो, एवढी एक किल्ली हातीं आली कीं हेप्टा म्हणजे सप्त व हेक्स म्हणजे षट् हें आपोआप उलगडतें. ‘पोलु’ हा संस्कृतांतल्या ‘पुरु’ म्हणजे पुष्कळ ह्या शब्दाचा भाऊ. ही उसनवारी नव्हे. एका फार जुन्या भाषेच्या दोन लेकी दोन देशीं नांदल्या, त्यांच्या तोंडचीं हीं बोलणीं आहेत.

आतां ‘गोनिया’. हा शब्द ‘गोनु’ म्हणजे गुडघा ह्या शब्दाचा आप्त समजला जातो, आणि ग्रीकांचा गोनु म्हणजे आपला जानु. मनुष्य खालीं बसला कीं त्याचा पाय गुडघ्यांत मोडतो. सृष्टींत माणसानें पाहिलेला पहिला कोन बहुधा तोच. मराठींत ‘कोपरा’ ह्या शब्दाच्या शेजारीं ‘कोपर’ उभें आहेच. ग्रीकांनीं पायाकडे पाहिलें, मराठी माणसानें हाताकडे, इतकाच काय तो फरक.

तथापि ग्रीकांनीं कोपरेच मोजले असें मात्र नाहीं. इसवी सनापूर्वीं सुमारें ३०० वर्षे अलेक्झांड्रियांत होऊन गेलेल्या युक्लिडानें आपल्या ‘मूलतत्त्वें’ ह्या ग्रंथाच्या आरंभीं व्याख्या दिल्या आहेत, त्यांत सरळ रेषांच्या आकृतींची वांटणी तो बाजूंवरून करतो. तेथें शब्द येतो ‘प्लेउरा’, म्हणजे बरगडी. तीन बरगड्यांची, चार बरगड्यांची, पुष्कळ बरगड्यांची अशी ती वांटणी आहे. मात्र चौथ्या भागांत वर्तुळामध्यें आकृति काढावयाची वेळ आली कीं तो पेंटागोनॉन, हेक्सागोनॉन अशीं कोपऱ्यांचीं नांवें वापरतो. तेथेंच शेवटीं पंधरा कोनांची आकृति आहे, आणि तिचें नांव ‘पेंटेकायडेकागोनॉन’ म्हणजे ‘पांच-आणि-दहा-कोपरी’ असें लांबलचक आहे. नांव लांब खरें, पण फोड करून पाहिलें तर आपल्या ‘पंचदश’ ह्या शब्दाची घडण हीच; केवळ ‘पंधरा’ म्हणून म्हणून ती आपल्या ध्यानांत राहिली नाहीं.

पुढें रोमन लोकांनीं हें शास्त्र घेतलें व लॅटिन शब्द घातले. इंग्रजी शाळेंतील ‘ट्रायँगल’ आणि ‘क्वाड्रिलॅटरल’ हे लॅटिन आहेत, त्यांच्या पुढचे पेंटॅगॉन वगैरे ग्रीक आहेत, आणि नऊ बाजूंच्या ‘नोनॅगॉन’चें धड लॅटिन व शेंपूट ग्रीक आहे. आपण ‘रेल्वेगाडी’ म्हणतों त्यांतलाच तो प्रकार. इंग्रज मुलाला हे शब्द आपले वाटतात असें समजण्याचें कारण नाहीं. त्याला ‘फाइव्ह’ ठाऊक असतें, ‘पेंटे’ ठाऊक नसतें. तोहि बिचारा घोकतोच.

आपल्या देशांत ह्या आकृतींना नांवें पडलीं तीं यज्ञाच्या वेदीवर. बौधायन, आपस्तंब इत्यादिकांच्या शुल्बसूत्रांत विटांच्या चिती रचण्याचे नियम आहेत. शुल्ब म्हणजे दोरी. दोरी ताणून आणि खुंट्या ठोकून हें सर्व काम चाले. त्यांत चौरसाला ‘समचतुरश्र’ व काटकोन चौकोनाला ‘दीर्घचतुरश्र’ असे शब्द येतात. ‘अश्रि’ म्हणजे धार, कड. हाच ‘चतुरस्र’ शब्द झिजत झिजत मराठींत ‘चौरस’ होऊन बसला. जमीन चौरस फुटांवर विकत घेणारा शहरी गृहस्थ यज्ञवेदीचा शब्द उच्चारीत असतो. पण फुटाचा भाव ऐकतांना त्याला ते आठवण्याची शक्यता थोडी.

शुल्बकारांनंतरच्या गणितज्ञांनीं ‘भुज’ म्हणजे हात हा शब्द घेतला आणि आकृतीला जणूं देहच दिला. त्रिभुजाला भुज आले, काटकोन त्रिभुजाच्या तिरप्या रेषेला ‘कर्ण’ म्हणजे कान म्हटलें, चौकोनाच्या वरच्या बाजूला ‘मुख’ व खालच्या बाजूला ‘भूमि’. ग्रीकांचा गुडघा व बरगडी आणि आपला हात, कान, तोंड हीं सारीं एकत्र मांडलीं तर भूमितीच्या पुस्तकाला वैद्यकाच्या पुस्तकाची कळा येईल. ‘बाजू’ हा शब्द तरी काय आहे? तो फारसी, आणि फारसींत बाजू म्हणजे दंड, हात. ‘बाजूबंद’ दागिन्यांत तो अर्थ अजून शिल्लक आहे. शाळेंत मुलगा ‘त्रिकोणाच्या तीन बाजू’ म्हणतो तेव्हां तो नकळत ‘त्रिभुज’च म्हणत असतो. ‘बाहु’ आणि ‘बाजू’ हेहि पुन्हां एकाच घराण्यांतले.

बहुकोनांच्या बाबतींत महाराष्ट्रानें अभिमानानें सांगावें असें एक स्थळ भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. हा ग्रंथ ११५० सालचा. त्यांत वर्तुळाच्या आंत त्र्यस्रापासून नवास्रापर्यंत, म्हणजे तीन कडांच्या समभुज आकृतीपासून नऊ कडांच्या आकृतीपर्यंत, प्रत्येकीची बाजू किती यावी हें दिलें आहे. वर्तुळाचा व्यास १,२०,००० धरला तर त्रिकोणाची बाजू १,०३,९२३, चौरसाची ८४,८५३, पंचकोनाची ७०,५३४, षट्कोनाची बरोबर ६०,०००, सप्तकोनाची ५२,०५५, अष्टकोनाची ४५,९२२ आणि नवकोनाची ४१,०३१. आजच्या कोष्टकांशीं ताडून पाहिलें तर ह्यांतील पांच आंकडे बिनचूक ठरतात. सप्तकोनाचा ५२,०६६ व नवकोनाचा ४१,०४२ असा हवा. सव्वा लाखाच्या आंतबाहेर दोन ठिकाणीं अकरा अकरांचा फरक! सप्तकोन व नवकोन हीं पट्टी आणि कंपास ह्यांनीं तंतोतंत काढतां येत नाहींत, हें पुढें युरोपांत एकोणिसाव्या शतकांत सिद्ध झालें. जेथें फरक पडला तीं दोन्हीं स्थळें नेमकीं हींच असावींत, हें मोठें मौजेचें आहे. चाळीसगांवाजवळ पाटण येथें भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला, त्याचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनीं उजेडांत आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे. लीलावतीवर १५४५ सालीं ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिणारे गणेश दैवज्ञ तर कोंकणांतल्याच नांदगांवचे.

येथवर अस्र आणि भुज आले. ‘कोन’ अजून आला नाहीं. तो आला निराळ्या दारानें, आणि तें दार ज्योतिषाचें होतें.

इसवी सनाच्या पहिल्या कांहीं शतकांत ग्रीक फलज्योतिष भारतांत आलें. सहाव्या शतकांत अवंतीच्या वराहमिहिरानें ‘बृहज्जातक’ लिहिलें, त्यांत मूळ ग्रीक असलेले शब्द डझनांनीं आहेत, आणि यवन म्हणून त्यानें ते लपविलेले नाहींत. होरा, द्रेष्काण, लिप्ता, पणफर, आपोक्लिम हे सारे त्यांतलेच. ‘केंद्र’ म्हणजे ग्रीक ‘केंट्रॉन’. त्याचा मूळ अर्थ टोंचणी, बैलाला लावावयाची पराणी; पुढें कंपासाचें रोवलेलें टोंक, आणि त्यावरून वर्तुळाचा मध्य. आज नभोवाणीच्या प्रत्येक ठाण्याला ‘केंद्र’ म्हणतात, दिल्लीच्या सरकारलाहि केंद्र म्हणतात, तेव्हां बैलाच्या पराणीची कोणाला शंकाहि येत नाहीं. हें बरेंच झालें म्हणावयाचें. विवाहाचा मुहूर्त पाहतांना ज्योतिषी ‘जामित्र’ म्हणतो, म्हणजे कुंडलींतलें सातवें, समोरचें स्थान. तें ग्रीक ‘डायामेट्रॉस’, म्हणजे व्यास, ह्याचें देशी रूप आहे. आणि पांचवें व नववें स्थान म्हणजे ‘त्रिकोण’. ह्या अर्थाचा त्रिकोण म्हणजे ग्रीकांचा ‘ट्रिगोनॉन’, ह्याबद्दल विद्वानांत फारसा वाद नाहीं. गुरु त्रिकोणांत आहे म्हणून समाधान मानणारी आजी, नातवाच्या ‘पेंटॅगॉन’ला परका म्हणते तेव्हां तिच्या स्वतःच्या पत्रिकेंत ‘गोनिया’ केव्हांच येऊन बसलेला असतो!

सुटा ‘कोण’ हा शब्द ग्रीकच आहे कीं काय, ह्याविषयीं मात्र दोन पक्ष आहेत. एक पक्ष त्याला गोनियाचें अपत्य म्हणतो. दुसरा पक्ष तमिळ भाषेकडे बोट दाखवितो. तेथें ‘कोण’ ह्याच्या जवळपासचे शब्द वांकडेपणा व कोपरा ह्या अर्थाचे आहेत, तेव्हां तो दक्षिणेंतून वर आला असेल असें त्याचें म्हणणें. कोणताहि पक्ष खरा ठरो, संस्कृत गणिताचा घरचा जुना शब्द अस्र आहे, कोन नव्हे, एवढें दोघांसहि मान्य करावें लागतें. परकी ऋणें भारतीय ज्योतिषावर किती, ह्या प्रश्नाची सविस्तर चर्चा शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ ह्या मराठी ग्रंथांत केली आहे. दीक्षित दापोलीजवळच्या मुरुडचे, पेशानें शिक्षक. स्वाभिमान आणि प्रामाणिकपणा ह्या दोहोंना एकाच ग्रंथांत नांदवितां येतें, हें त्यांच्याकडून शिकावें.

ज्योतिषाची वाट पंडितांची. पण गोनिया आणखी एका वाटेनें आला आणि ती वाट मजुरांची होती. तिच्याकडे पुस्तकी लोकांचें लक्ष सहसा जात नाहीं.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, देवगड आणि मालवण ह्यांच्या दरम्यान, समुद्रकांठीं मिठबाव हें गांव आहे. गजबादेवीच्या देवळामुळें तें हल्लीं प्रवाशांस ठाऊक झालें आहे. गांवाच्या नांवांत जी ‘बाव’ ऐकूं येते तिचा कोंकणांतला अर्थ विहीर. ही बाव मूळची संस्कृत वापी. त्या किनाऱ्यावरचें घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचें. खाणींतून चिरा निघतो तो आयताकृति, आणि घराचा कोपरा धरावयाचा म्हणजे दोन भिंतींचे चिरे एकमेकांशीं काटकोनांत बसले पाहिजेत. कोपरा पायापाशीं बोटभर चुकला तर पुढच्या खोलींत तो चार बोटें होतो आणि छपराची वेळ आली कीं सुतार गवंड्याला शिव्या देतो. म्हणून गवंडी दोन उपाय करतो. पहिला दोरीचा: एका अंगास तीन फूट, दुसऱ्या अंगास चार फूट मोजावयाचे, टोंकांमधलें तिरपें अंतर पांच फूट भरलें कीं कोपरा बरोबर. हा उपाय शुल्बसूत्रांतला आहे. तीन-चारांची ही जोडी बौधायनानें पांच-बारा, सात-चोवीस अशा इतर जोड्यांबरोबर सांगितली आहे. दुसरा उपाय म्हणजे गुण्या. लांकडाचें किंवा लोखंडाचें तें काटकोनी हत्यार चिऱ्याला लावावयाचें आणि फट दिसते काय तें पाहावयाचें. भिंत ओळंब्यांत आहे, कोपरा गुण्यांत आहे, असें गवंडी म्हणाला म्हणजे घरमालकानें निश्चिंत व्हावें.

हा गुण्या शब्द फारसी ‘गूनिया’. इराणांतील सुतार आजहि काटकोनी हत्याराला तेंच नांव देतो. आणि फारसी गूनिया म्हणजे ग्रीकांचा गोनिया. आठव्या-नवव्या शतकांत बगदादेस ग्रीक ग्रंथांचीं अरबी भाषांतरें झालीं, त्यांत युक्लिडहि होता. पण हत्यारांचीं नांवें ग्रंथांची वाट पाहात बसत नाहींत, तीं कारागिरांच्या पिशवींतून प्रवास करतात. दख्खनच्या मुसलमानी अमलांत इमारतींच्या कामाबरोबर फारसी शब्दांचा मोठा भरणा मराठींत झाला, त्यांत गुण्या आला आणि कोंकणांतल्या खेड्यापर्यंत पोंचला. (‘गुण्यागोविंदानें नांदणें’ ह्यांतल्या गुण्याशीं त्याचें नातें जोडण्याचा मोह आवरलेला बरा.) तेव्हां चिऱ्याची भिंत उभी करणाऱ्या माणसाच्या एका हातांत शुल्बकारांची दोरी व दुसऱ्या हातांत ग्रीकांचा कोन असतो. लिहावाचावयास त्याला कदाचित् थोडेंच येत असेल. परंतु पेंटॅगॉनमधल्या ‘गॉन’चा अर्थ त्याच्याइतका चोख फारच थोड्या पदवीधरांना ठाऊक असेल.

ग्रंथांचीहि एक वाट होतीच. जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राट ह्यांनीं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत युक्लिड अरबीवरून संस्कृतांत आणला. त्याचें नांव ‘रेखागणित’. पुढें हिंदीनें रेखागणित व त्रिभुज हे शब्द धरून ठेवले. मराठीनें मात्र ‘भूमिति’ आणि ‘त्रिकोण’ हे शब्द पत्करले. भूमिति हा ग्रीक ‘गेओमेट्रिया’चा शब्दशः अनुवाद आहे, ‘गे’ म्हणजे भू आणि ‘मेट्रिया’ म्हणजे मिति. चतुर्भुज हा शब्द मराठींत चालता ना, हेंहि खरें. लग्न होऊन माणूस चतुर्भुज झाला असें म्हणणाऱ्या लोकांच्या मुलांना वर्गांत हंसूं आवरलें नसतें.

मराठींतून हें शास्त्र शिकविण्याचा प्रयत्न सुरू झाला तेव्हां त्यांत दोन सख्खे भाऊ दोन टोंकांना होते. थॉमस बेस्ट जर्व्हिस ह्यानें १८२० नंतरच्या दशकांत दक्षिण कोंकणची मोजणी केली. एक पायारेषा मोजावयाची आणि मग एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराचे कोन घेत, त्रिकोणाला त्रिकोण जोडीत पुढें जावयाचें, अशी ही रीत. त्याचा थोरला भाऊ जॉर्ज जर्व्हिस. मुंबईंत १८२३ सालीं एंजिनीयर लोकांची शाळा निघाली तिचा तो प्रमुख होता, आणि शास्त्री मंडळींच्या साह्यानें त्यानें गणिताचीं पुस्तकें मराठींत व गुजरातींत तयार केलीं. धाकट्यानें कोंकणावर त्रिकोण अंथरले, थोरल्यानें तो त्रिकोण मराठींत समजावून दिला. मिठबाव ज्या देवगड तालुक्यांत आहे त्याच तालुक्यांतील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर हेहि ह्याच कामांत पडले. १८३२ सालीं ‘दर्पण’ काढणारे म्हणून त्यांचें नांव सर्वांस माहीत आहे. पण एल्फिन्स्टन संस्थेंत ते गणित शिकवीत, आणि शाळांसाठीं मराठी पुस्तकेंहि लिहीत. १८४६ सालीं, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, ते वारले.

त्याच्या पुढच्याच वर्षीं मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें मोठा वाद पेटला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी ह्यांचें म्हणणें असें कीं, वरचें शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें. त्यांच्या विरुद्ध कर्नल जॉर्ज जर्व्हिस उभे राहिले, आणि जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा हे तिघे एतद्देशीय सभासद त्यांच्या बाजूचे झाले. लोकांना लोकांच्या भाषेंत शास्त्र शिकवावें असें एक इंग्रज सांगतो आहे आणि दुसरा इंग्रज तें नाकारतो आहे, असा तो देखावा होता. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानें प्राथमिक शिक्षण देशी भाषांना आणि उच्च शिक्षण इंग्रजीला अशी वांटणी केली, व पुढें पुष्कळ वर्षे हायस्कुलांतील भूमिति इंग्रजींतच राहिली. चौथींत ज्याला ‘त्रिकोण’ कळला होता त्याला पुढें ‘ट्रायँगल’ पुन्हां नव्यानें शिकावा लागे. त्यांत किती मुलांची गणिताची गोडी कायमची गेली असेल, ह्याचा हिशेब कोणत्याच अहवालांत सांपडावयाचा नाहीं.

विसाव्या शतकांत मराठी माध्यम वरपर्यंत गेलें आणि पाठ्यपुस्तकांत तिन्ही जुनीं घराणीं एकत्र आलीं. ‘चौरस’ हा यज्ञवेदीचा, ‘चौकोन’ हा कोनाच्या कुळांतला, आणि पॉलिगॉनला मराठी शब्द ‘बहुभुजाकृति’, म्हणजे हातांचा. अशी सरमिसळ शुद्धतावाद्यांना खपत नाहीं; परंतु युक्लिडाच्या ग्रंथांतहि कोपरे आणि बरगड्या शेजारीं शेजारीं नांदत होत्याच. मुलाच्या दृष्टीनें पाहावयाचें तें इतकेंच, कीं नांव ऐकतांच आकृति डोळ्यांपुढें उभी राहते कीं नाहीं. पंचकोन म्हटलें कीं राहते. ‘समलंब’ म्हटलें कीं थोडा विचार करावा लागतो, पण राहते. ‘ट्रॅपीझियम’ म्हटलें कीं राहात नाहीं; ग्रीकांच्या डोळ्यांपुढें मात्र एक लहानसें मेज येत असे, कारण त्या शब्दाचा अर्थच मेज असा आहे.

आज वारें पुन्हां फिरलें आहे. महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं ‘सेमी-इंग्रजी’ वर्ग निघाले आहेत. इतर विषय मराठींत, आणि गणित व शास्त्र इंग्रजींत. पालकांचीं कारणें खोटीं नाहींत. पुढचें सर्व शिक्षण इंग्रजींत असतां मुलाला मागें कां ठेवावें, असें त्यांस वाटतें. मात्र ह्या वर्गांतल्या मुलाला इतिहासांत सप्तर्षि कळतात, भूगोलांत अष्टदिशा कळतात, आणि गणिताच्या तासाला हेप्टॅगॉन, ऑक्टॅगॉन हे नुसते आवाज होऊन राहतात. तेथें शिक्षकाला एक फळा आणि पांच मिनिटें पुरतात. हेप्टाच्या खालीं सप्त लिहावें, ऑक्टोच्या खालीं अष्ट, डेकाच्या खालीं दश, आणि ‘ह’च्या जागीं ‘स’ ही किल्ली मुलांच्या हातीं द्यावी. ‘गॉन’च्या खालीं गुण्या लिहावा, वर्गांत एखादा गवंड्याचा मुलगा असला तर तो दुसऱ्या दिवशीं तें हत्यारच घेऊन येईल.

उदाहरणांना कांहीं तोटा नाहीं. वीस पैशांचें ॲल्युमिनियमचें नाणें षट्कोनी होतें. घरांतल्या जुन्या डब्यांत तें अजून सांपडतें. १९९२ सालीं निघालेलें दोन रुपयांचें नाणें अकरा बाजूंचें. २०१९ सालीं जाहीर झालेलें वीस रुपयांचें नाणें बारा बाजूंचें आहे, म्हणजे इंग्रजी पुस्तकाप्रमाणें डोडेकॅगॉन, मराठीप्रमाणें द्वादशकोन. ‘डोडेका’ आणि ‘द्वादश’ हे एकाखालीं एक लिहिले कीं मुलें आपण होऊन अक्षरें जुळवूं लागतात. अकराच्या ‘हेंडेका’पाशीं मात्र त्यांची थोडी फसगत होते. त्यांतला ‘डेका’ हा दश आहे हें तीं लगेच ओळखतात, पण ‘हेन’मध्यें ‘एक’ शोधूं गेल्यास तो मिळत नाहीं. ग्रीकांचा तो एक निराळ्या मुळाचा आहे. संस्कृतांत त्याचा सोयरा शोधावयाचा तर तो ‘सकृत्’ म्हणजे ‘एकदां’ ह्या शब्दाच्या आरंभींच्या ‘स’मध्यें आहे, आणि तेथेंहि ‘ह’च्या जागीं ‘स’ हीच किल्ली चालते.